'ॲट बेस्ट' म्हणजे 'उत्तम' नव्हे: कामाच्या मेलमधला 'बेस्ट' कसा वाचायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. बी.कॉम. झाल्यावर तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला लागलात. परदेशी खरेदीदारांचे मेल वाचून मालकांना मराठीत सांगायचं काम तुमच्याकडे आलं. एका मेलमध्ये वाक्य होतं, 'ॲट बेस्ट, वी कॅन टेक टू कंटेनर्स.' डिक्शनरीत 'बेस्ट'समोर 'सर्वात चांगला, उत्तम' असं दिलेलं. तुम्ही मालकांना सांगितलं, 'दोन कंटेनर घेतायत, उत्तम म्हणतायत.' मालकांनी त्या हिशेबानं सूत उचललं आणि ऑर्डर आली एकाच कंटेनरची. शिवाय मुलाखतीत तुम्ही 'आय ॲम बेस्ट इन टॅली' म्हणालात तेव्हा समोरचे हसले होते, ते का, हेही तुम्ही विचारलंय. आणि शेवटी: 'बेस्ट'चे एकूण अर्थ किती, आणि ते पाठ कसे करायचे?

पाठ करू नका. पाठ करून हा शब्द येत नाही.

मी सोलापुरात व्यापारी पत्रव्यवहाराचं इंग्रजी शिकवते. माझ्याकडे कारखान्यांतले क्लार्क येतात, दुकानदारांची मुलं येतात, घरी चटणी-भाकरीचा व्यवसाय करणाऱ्या बायका येतात. 'बेस्ट'चा घोळ मला या सगळ्यांकडे दिसतो, आणि तो इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही. ज्यांचं व्याकरण पक्कं आहे तेही इथं अडकतात. कारण हा शब्द आपण मराठीत कधीच घेऊन बसलोय, आणि घेताना त्यातला अर्धा अर्थ वाटेतच राहिला.

आपण 'बेस्ट' कसा वापरतो ते बघा. 'शेंगाचटणी एकदम बेस्ट हाय बगा.' 'कसं चाललंय?' 'बेस्ट!' 'काल गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या जत्रेत) गेलो होतो, बेस्ट वाटलं.' यात कुठंही तुलना नाही. चटणी दुसऱ्या कुठल्या चटणीपेक्षा सरस आहे असं म्हणायचं नसतं, फक्त फार छान आहे असं म्हणायचं असतं. मराठीत हा वापर चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. शब्द आपला झाला की त्याचा वापरही आपला होतो. पण इंग्रजी मेल वाचताना हाच अर्थ डोक्यात राहिला, तर 'बेस्ट' दिसला की मन आपोआप खूश होतं. तुमचं त्या दिवशी तेच झालं. 'बेस्ट' वाचलं, म्हणजे बातमी चांगलीच असणार असं वाटलं.

इंग्रजीतला 'बेस्ट' हा 'पहिला नंबर' या शब्दासारखा आहे. कुणी सांगितलं की पोराचा पहिला नंबर आला, तर आपण लगेच विचारतो: कुठल्या वर्गात? किती पोरं होती? कशात? ते कळल्याशिवाय पहिल्या नंबराला काही वजन नाही. 'बेस्ट' दिसला की असेच दोन प्रश्न विचारायचे. एक, कशाकशांमधून निवडलेलं? दोन, चांगलं कुणाच्या बाजूनं? या दोन प्रश्नांची उत्तरं वाक्यातून, नाहीतर आधीच्या पत्रव्यवहारातून शोधायची. खाली मी जे जे सांगणार आहे ते याच दोन प्रश्नांवर उभं आहे.

आधी रूप कुठून आलं ते पाहू. 'गुड, बेटर, बेस्ट' हे आपण शाळेत घोकतो आणि 'गुड'चं 'गुडेस्ट' का होत नाही असा प्रश्न तेव्हाच पडतो. कारण 'बेटर' आणि 'बेस्ट' ही जोडी वेगळ्याच धातूतून आली आणि 'गुड'च्या शेजारी येऊन बसली. 'वेल' या क्रियाविशेषणाचीही पुढची रूपं 'बेटर, बेस्ट' हीच आहेत, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. शेवटचा 'स्ट' मात्र 'टॉलेस्ट', 'लेटेस्ट' यांतलाच. आणि हा 'स्ट' आपल्याला परका नाही. संस्कृतातल्या 'इष्ठ' या प्रत्ययाचं आणि त्याचं मूळ एकच आहे. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ, गरिष्ठ हे सगळे मुळात 'बेस्ट'च्याच घडणीचे शब्द आहेत. ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत मोठा, गरिष्ठ म्हणजे सगळ्यांत जड. 'उत्तम'सुद्धा तसाच: उत्, उत्तर, उत्तम, म्हणजे सगळ्यांत वरचा.

आज आपण हे शब्द कसे वापरतो? 'ज्येष्ठ नागरिक' म्हणजे गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस नव्हे. 'गरिष्ठ जेवण' म्हणजे पचायला जड जेवण, इतकंच. 'चहा उत्तम झालाय' म्हणताना आपण चहाची तुलना कशाशीच करत नाही. तुलना झिजून गेली आणि कौतुक उरलं. म्हणून तर आपल्याला 'सर्वोत्तम' आणि 'सर्वश्रेष्ठ' असे शब्द करून पुन्हा 'सर्व' जोडावा लागला. म्हणजे 'बेस्ट'चं आपण जे केलं, तेच आपल्या घरच्या शब्दांचंही आधी केलेलं आहे. आणि डिक्शनरीत 'बेस्ट म्हणजे उत्तम' असं वाचलं की अडचण दुप्पट होते, कारण 'उत्तम'मधली तुलना आपल्या कानाला आता ऐकूच येत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगते की वहीत 'उत्तम' लिहू नका, 'त्यातल्या त्यात वरचं' असं लिहा. बोजड वाटतं, पण अर्थ चुकत नाही.

आता पहिला प्रश्न, कशांमधून? 'आय ॲम बेस्ट इन टॅली' या वाक्यात हेच हरवलंय. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाकुणांत बेस्ट? अख्ख्या सोलापुरात? तुम्हाला म्हणायचं होतं की मला टॅली छान येतं. त्याला सरळ 'आय ॲम गुड ॲट टॅली' म्हणतात. इथं 'इन' नाही, 'ॲट' येतो. 'तीन सॉफ्टवेअर येतात, त्यांत टॅलीवर हात चांगला बसलाय' असं सांगायचं असेल तर 'आय नो टॅली बेस्ट' म्हणा. इथला 'बेस्ट' हा 'वेल'चा, म्हणून त्याच्या आधी 'द' लागत नाही. नामाआधी आला की सहसा 'द' लागतो: 'द बेस्ट टॉवेल'. 'माय', 'अवर', 'युवर' आले की 'द' जातो: 'अवर बेस्ट टॉवेल'. घोळका जागेचा किंवा संस्थेचा असेल तर 'इन', मोजलेल्या वस्तूंचा असेल तर 'ऑफ': 'द बेस्ट इन द क्लास', 'द बेस्ट ऑफ द थ्री सॅम्पल्स'. दोनच असतील तर नेमकं लिहिणारे 'द बेटर ऑफ द टू' लिहितात. बोलण्यात लोक तिथंही 'बेस्ट' म्हणतात, त्यावरून कुणाशी वाद घालू नका.

'वन ऑफ द बेस्ट' च्या पुढं नाम अनेकवचनी हवं. 'वन ऑफ द बेस्ट टॉवेल' नाही, 'वन ऑफ द बेस्ट टॉवेल्स'. कारण पुन्हा घोळकाच: चांगल्यांचा एक गट आहे आणि त्यातला हा एक. ही चूक मी कंपन्यांच्या छापील माहितीपत्रकांत इतक्या वेळा पाहिलीय की जमेल तिथं मी ती पेन घेऊन दुरुस्त करते.

सोलापूरच्या वर्गात या तुलनेला आणखी एक वळण मिळतं. पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू असतं, अक्कलकोटकडच्यांच्या घरी कन्नड. दोन्ही भाषांत 'सगळ्यांत चांगला' हे मुख्यतः 'सगळ्यांपेक्षा चांगला' असं म्हणतात. मराठीत दोन्ही चालतं. म्हणून ही मुलं 'ही इज गुड दॅन ऑल' असं लिहितात. विचार अगदी बरोबर आहे, फक्त इंग्रजीत 'पेक्षा' आला की 'बेटर' हवा, आणि स्वतःला घोळक्याबाहेर काढायला 'अदर' हवा: 'बेटर दॅन एनी अदर बॉय इन द क्लास'. 'अदर' विसरलात तर तो मुलगा स्वतःपेक्षाही चांगला ठरतो. बोर्डाच्या परीक्षेत 'डिग्रीज ऑफ कंपॅरिझन'ला एकाच वाक्याची तीन रूपं करायला लावतात, त्यामागं हाच हिशेब आहे. मुलं मात्र ती गणितातल्या सूत्रासारखी पाठ करतात, म्हणून नोकरीत गेल्यावर उपयोगी पडत नाहीत.

दुसरा प्रश्न तुमच्या कामात सगळ्यांत महत्त्वाचा: चांगलं कुणाच्या बाजूनं? 'प्लीज सेंड अस युवर बेस्ट प्राइस' हे वाक्य तुम्हाला दर आठवड्याला दिसत असेल. तुमच्या मालकांसाठी बेस्ट भाव म्हणजे जास्त भाव. पण विचारतोय खरेदीदार, म्हणून इथं 'बेस्ट' म्हणजे त्याच्या बाजूनं बेस्ट, म्हणजे कमीत कमी. 'तुम्ही खाली किती येऊ शकता ते सांगा' हा त्याचा मराठी अर्थ. उत्तरात तुम्ही 'धिस इज अवर बेस्ट प्राइस' लिहिलंत, की तुम्ही सांगितलंत, 'याच्या खाली आम्हाला परवडत नाही.' दोन दिवसांनी आणखी कमी केलंत, तर पुढच्या वेळी तुमच्या 'बेस्ट'वर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या कोटेशनमध्ये हा शब्द लिहूच नका. 'अवर प्राइस इज' एवढं पुरे. 'बेस्ट' शेवटच्या बोलीसाठी राखून ठेवा.

अर्थात हे बरंचसं समोरच्यावर अवलंबून आहे. काही खरेदीदार प्रत्येक चौकशीत सवयीनं 'बेस्ट प्राइस' लिहितात, त्यात विशेष काही नसतं. तोच शब्द तीन-चार मेल झाल्यावर आला, तर त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा भाव येऊन पडलेला असू शकतो. मेल एकटा वाचू नका, त्याच्या आधीचे मेल उघडून वाचा. आणि भाव देताना तो कशाचा ते बांधून टाका: टॉवेल किती जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम), साइज काय, नग किती, न्हावा शेवा एफओबी (म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च भावात धरलेला) की आणखी काही, आणि भाव कुठल्या तारखेपर्यंत धरायचा. हे लिहिलं की भाव कमी करायची वेळ आली तरी नग वाढवून किंवा जीएसएम बदलून करता येतो, शब्द फिरवावा लागत नाही.

'बेस्ट क्वालिटी'बद्दलही इथंच सांगते. नवी पेठेत फिरलात तर हा शिक्का जिथं तिथं दिसेल. गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळत नाही, कारण कशांमधून बेस्ट ते कुठं लिहिलेलं नसतं. परदेशी खरेदीदार तर तो शब्द वाचतही नाही. त्याला जीएसएम हवा असतो, रंग धुण्यात टिकतो का त्याचा रिपोर्ट हवा असतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ही तपासून पाहता येणारी गोष्ट आहे. मालाला ते लागू होत असेल तर तेच लिहा. 'बेस्ट क्वालिटी'च्या पाच ओळींपेक्षा त्या एका ओळीला जास्त वजन आहे.

आता ज्या वाक्यानं तुमचं नुकसान झालं, ते. 'ॲट बेस्ट'मध्येही 'बेस्ट' म्हणजे त्यातल्या त्यात वरचंच, अर्थ अजिबात बदललेला नाही. फक्त घोळका वस्तूंचा नसून शक्यतांचा आहे. काही न घेणं, अर्धा घेणं, एक घेणं, दोन घेणं, या सगळ्या शक्यता समोर मांडा. यांतली तुमच्यासाठी सगळ्यांत चांगली कोणती? दोन. तो म्हणतोय, 'सगळं जुळून आलं तरी दोन.' म्हणजे बाकीच्या सगळ्या शक्यता दोनच्या खालच्या. मराठीत याला नेमका शब्द आहे: 'फार तर'. 'फार तर दोन कंटेनर घेऊ.' हे वाक्य मालकांच्या कानावर पडलं असतं तर त्यांनी सूत उचललं नसतं, कारण 'फार तर' ऐकल्यावर कुठलाही व्यापारी कमीच धरतो.

'ॲट बेस्ट' कमी लेखण्यासाठीही येतो. 'द फिनिशिंग इज ॲव्हरेज ॲट बेस्ट' म्हणजे 'फिनिशिंग फार तर बेताचंच म्हणता येईल', म्हणजे तक्रार. नवीन मुलं 'ॲव्हरेज' आणि 'बेस्ट' दोन्ही वाचून गोंधळतात आणि मालकांना सांगतात की फिनिशिंग आवडलंय. याच्या अगदी उलट 'ॲट इट्स बेस्ट'. 'सोलापूर इज ॲट इट्स बेस्ट इन जानेवारी' म्हणजे वर्षभरातल्या सगळ्या रूपांपैकी जानेवारीतलं रूप सगळ्यांत छान, थंडी असते, सिद्धेश्वराची यात्रा असते. मधला एक छोटा 'इट्स' आला आणि टोमणा जाऊन कौतुक झालं. 'ॲट बेस्ट' दिसला की दोन शब्दांच्या मध्ये काही आहे का ते बोट ठेवून बघा.

याचेच भाऊबंद म्हणजे 'ॲट मोस्ट', 'ॲट लीस्ट', 'ॲट वर्स्ट', 'ॲट द अर्लिएस्ट', 'ॲट द लेटेस्ट'. सगळ्यांचं काम एकच, हद्द आखणं. यांपैकी 'अर्लिएस्ट' सगळ्यांत जास्त फसवतो. 'फ्रायडे ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे 'शुक्रवारी लवकर' नव्हे, 'शुक्रवारच्या आधी होणार नाही, नंतर कधीही'. आणि 'फ्रायडे ॲट द लेटेस्ट' म्हणजे 'शुक्रवारच्या पुढं जाऊ देऊ नका'. एल.सी.ची (खरेदीदाराच्या बँकेनं पैशांसाठी दिलेल्या हमीपत्राची) किंवा जहाजाची तारीख असेल तर हा फरक पैशांचा असतो.

'द बेस्ट पार्ट ऑफ' हा वेगळाच सापळा. 'द बेस्ट पार्ट ऑफ द फेअर' म्हणजे जत्रेतला सगळ्यांत आवडलेला भाग. पण पुढं वेळ किंवा रक्कम आली की अर्थ बदलतो: 'वी वेटेड द बेस्ट पार्ट ऑफ टू अवर्स' म्हणजे 'जवळजवळ दोन तास वाट पाहिली'. त्या दोन तासांत काहीही चांगलं घडलेलं नसतं. खरेदीदाराचा माणूस कारखान्यात येऊन गेल्यावर असं लिहीत असेल, तर तो नाराज आहे. आधी दिलगिरी लिहा.

'टू द बेस्ट ऑफ' तुम्हाला अकाउंटच्या कागदांत भेटेल. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ' असतं. म्हणजे 'माझी माहिती जिथवर पोचते तिथवर हे खरं आहे'. तो अभिमानाचा शब्द नाही, ती सही करणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीला आखलेली हद्द आहे. आयकर कायद्यातली 'बेस्ट जजमेंट असेसमेंट' अशीच. करदात्यानं विवरणपत्र भरलं नाही किंवा मागितलेली माहिती दिली नाही, तर अधिकारी हाती असलेल्या माहितीवरून स्वतःच्या बुद्धीला पटेल तसा हिशेब लावतो. जीएसटी कायद्यातल्या कलम ६२ मध्ये रिटर्न न भरणाऱ्यांसाठी हीच तरतूद आहे. नोटिशीत 'बेस्ट' हा शब्द पाहून एका व्यापाऱ्याला वाटलं होतं की आपल्याला फायद्याचा हिशेब लावून दिलाय. इथंही दुसरा प्रश्न विचारायचा, कुणाच्या बाजूनं? अधिकाऱ्याला उपलब्ध असलेल्या अंदाजांपैकी बेस्ट, तुमच्या खिशाच्या बाजूनं नव्हे.

याला लागूनच 'वी विल ट्राय अवर बेस्ट'. आपण हे वाक्य फार भाबडेपणानं लिहितो. आपल्या मनात असतं, 'जिवाचं रान करू.' समोरचा वाचतो, 'जमेल असं सांगता येत नाही.' दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रयत्न सगळ्यांत मोठा करू असं आपण म्हटलंय, पण माल कधी देऊ ते म्हटलेलंच नाही. म्हणून 'ट्राय अवर बेस्ट'च्या जागी तारीख लिहा. तारखेची खात्री नसेल तर ती कशामुळे नाही ते लिहा: डाइंगला, म्हणजे रंगाईला, किती दिवस, कंटेनर कधी मिळतोय. करारात मात्र 'बेस्ट एफर्ट्स' किंवा 'बेस्ट एंडेव्हर्स' असे शब्द आले तर त्यांचा अर्थ तुम्ही-आम्ही लावायचा नाही. त्यांना कायदेशीर वजन असतं आणि ते कुठल्या देशाचा कायदा लागू आहे त्यावर ठरतं. तो कागद थेट वकिलाकडे पाठवा.

'यू हॅड बेस्ट कन्फर्म बाय मंडे' असं क्वचित दिसेल. 'हॅड' आहे म्हणून भूतकाळ समजू नका. 'सोमवारपर्यंत कळवलंत तर बरं', आणि त्यात थोडी तंबी आहे. तेच 'इट वुड बी बेस्ट इफ' असं आलं तर सौम्य सूचना. दोन्हींत 'समोर असलेल्या मार्गांपैकी हा मार्ग' हाच अर्थ, आवाजाची पट्टी तेवढी वेगळी.

पाकिटावरचा 'बेस्ट बिफोर' तुमच्या कामाचा नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांसाठी तो सगळ्यांत जवळचा 'बेस्ट' आहे, म्हणून त्याला जरा जागा देते. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थ त्याच्या सगळ्यांत चांगल्या अवस्थेत असेल, नीट ठेवला तर. तारीख उलटली की तो लगेच विषारी होतो असं नाही. चव, वास, कुरकुरीतपणा कमी होत जातो. शेंगाचटणीत शेंगदाण्याचं तेल असतं, हवा लागून ती हळूहळू खवट होते. कडक भाकरीला दमट हवा लागली की तिचा कडकपणाच जातो. या दोन्ही गोष्टी 'बेस्ट' संपल्याच्या आहेत. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' ही वेगळी रेघ आहे. ती उलटल्यावर माल विकायचा नसतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी अथवा यूज बाय तारीख द्यावी लागते. 'बेस्ट बिफोर' तिच्या जोडीला ऐच्छिक म्हणून देता येते. नुसतं 'बेस्ट बिफोर' छापून मोकळं होणाऱ्यांनी हे नक्की तपासावं. मराठीत 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' असं छापलेलं मी पाहिलंय. ते कुणाला कळणार? 'अमुक तारखेपर्यंत चव उत्तम राहते' असं लिहिलं तर आजीलाही कळतं.

मेलच्या शेवटी नुसता 'बेस्ट,' आणि खाली नाव असतं, त्याचाही अर्थ तुम्ही लावत बसला होतात. तो 'बेस्ट विशेस' किंवा 'बेस्ट रिगार्ड्स'चा आखूड केलेला निरोप आहे. त्यावरून ऑर्डर चांगली आहे की वाईट हे काहीही कळत नाही. तुम्ही स्वतः 'बेस्ट रिगार्ड्स' लिहा, कामाच्या पत्राला ते कायम शोभतं. 'ऑल द बेस्ट' मात्र खरेदीदाराला लिहू नका. ते परीक्षेला निघालेल्याला किंवा निरोप घेणाऱ्याला म्हणतात. भाव ठरत असताना ते लिहिलं तर 'आमच्याकडून विषय संपला' असा सूर लागू शकतो. आणि 'हाऊ आर यू?'ला 'बेस्ट' असं उत्तर इंग्रजीत देत नाहीत, 'व्हेरी वेल, थँक यू' म्हणा.

बाकीचे वापर कामात फारसे येत नाहीत. 'बेस्ट मॅन' म्हणजे तिकडच्या लग्नातला नवऱ्यामुलाचा पाठराखा. 'बेस्ट ऑफ थ्री' म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकेल तो सामना जिंकेल, बॅडमिंटन बघत असाल तर माहीत असेलच. 'मेक द बेस्ट ऑफ इट' म्हणजे आहे त्या परिस्थितीत निभावून नेणं. 'मेक द मोस्ट ऑफ इट' म्हणजे चांगल्या संधीचा पुरता फायदा घेणं. पहिल्यात परिस्थिती वाईट आहे हे गृहीत असतं, एवढा फरक लक्षात ठेवा.

आता त्या दुसऱ्या कंटेनरचं. खरेदीदारानं 'नाही' म्हटलेलं नाही, 'फार तर दोन' म्हटलंय, म्हणजे दार उघडं आहे. त्याला आजच विचारा, पण 'कॅन यू टेक टू कंटेनर्स?' असं नको. त्यावर पुन्हा 'मे बी' येईल. असं लिहा: 'थँक यू फॉर द ऑर्डर ऑफ वन कंटेनर. यू हॅड मेन्शन्ड टू कंटेनर्स ॲट बेस्ट. प्लीज लेट अस नो बाय विच डेट यू कॅन कन्फर्म द सेकंड वन. वी हॅव द यार्न रेडी फॉर इट.' यात त्याचा शब्द त्यालाच परत दिलाय, नक्की तारीख मागितलीय, आणि सूत तयार आहे हे सांगून डिलिव्हरी लवकर होईल असं सुचवलंय. पाठवण्याआधी मसुदा मालकांना वाचून दाखवा. सूत तयार असल्याचं कळल्यावर काही खरेदीदार भाव पाडून मागतात, तेव्हा ती शेवटची ओळ ठेवायची की गाळायची हे त्यांनाच ठरवू द्या. ते त्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.